ऑनलाइन दिसतो, म्हणजे मोकळा आहे का?

कापसाच्या हंगामात आमच्या शेतकरी कंपनीच्या कार्यालयात एक वाक्य रोज ऐकू येतं : "भाऊ, तुमी ऑनलाइन तं दिसून राह्यले, मंग फोन काहून नाही उचलत?" तो भाऊ तेव्हा जिनिंगच्या काट्यावर असतो. मागे गाड्यांची रांग, हातात वजनाची पावती, आणि व्हॉट्सॲप उघडलेलं असतं ते त्याच पावतीचा फोटो आम्हाला पाठवायला.

'ऑनलाइन' ही फोनची खबर आहे. ॲप समोर उघडं आहे आणि इंटरनेट चालू आहे, इतकंच ती सांगते. तुमचा निरोप वाचला की नाही, हेही त्यातून कळत नाही. 'उपलब्ध' ही माणसाची खबर. आत्ता कोणाशी, कोणत्या कामापुरतं आणि कसं बोलता येईल, हे त्यात येतं.

आमच्याकडे उलटा घोटाळा जास्त होतो. मेळघाटात गेलेला माणूस दिवसभर ऑफलाइन दिसतो, म्हणून त्याला कोणी विचारतच नाही. पण टेकाडावर चढला की त्याला साधा फोन लागतो, आणि तो बोलायला तयारही असतो! कॅलेंडरचंही तसंच. रात्री ओलिताला गेलेल्या संचालकाची सकाळ तिथे कोरी दिसते, आणि तो बिचारा घरी झोपलेला असतो.

इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने २००४ मध्ये माणूस उपलब्ध आहे की नाही, ही माहिती एका ॲपकडून दुसऱ्याकडे पाठवण्याचा एक साचा ठरवला. त्यात मूळ अवस्था दोनच : निरोप घ्यायला उघडं किंवा बंद. २००६ मध्ये त्याला जोड दिली, आणि जेवण, बैठक, फोनवर, प्रवासात, झोपेत, गाडी चालवताना, प्रार्थनेत अशा नोंदी आल्या. मला ही यादी मनापासून आवडते. माणसाचा दिवस कसा जातो, ते तिला ठाऊक आहे.

फोन, चॅट, मेल, कॅलेंडर एका सूत्रात आणायचे तर प्रत्येकाने आपली खबर एकाच ठिकाणी द्यायची आणि बाकीच्यांनी तिथूनच वाचायची. फोन लागला की चॅटमध्ये 'फोनवर' दिसावं, बैठक सुरू झाली की 'बैठकीत'. दोन खबरा जुळल्या नाहीत तर? माझ्या मते माणसाने स्वतः लिहिलेली खबर वरचढ धरावी, पण तिला मुदत हवीच. नाहीतर दुपारी लिहिलेलं 'जेवतोय' दिवेलागणीपर्यंत तसंच राहतं.

काट्यावरच्या त्या भाऊच्या नावापुढे आता हिरवा ठिपका असो वा नसो, सकाळीच ओळ येते : "काट्यावर, २ वाजेपर्यंत. गाडी अडली तरच फोन, बाकी लिहून टाका."