पेशींची धरसोड: गाठीत आणि स्नायूत

पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत डिशच्या तळाला चिकटलेल्या पेशी सोडवणे हे नेहमीचेच काम. ट्रिप्सिन आणि ईडीटीए यांचे मिश्रण घालायचे आणि डिश ३७ अंश सेल्सिअसला काही मिनिटे ठेवायची. ट्रिप्सिन प्रथिने कापते, ईडीटीए कॅल्शियम ओढून घेते. ईडीटीएचे काम किरकोळ वाटते, पण कॅल्शियम हजर असेल तर पेशींना एकमेकींशी जोडणारी काही प्रथिने ट्रिप्सिनला दाद देत नाहीत. क्योतो विद्यापीठातल्या मासातोशी ताकेइची यांनी १९७७ मध्ये नेमके हेच हेरले. या प्रथिनांना पुढे कॅडहेरिन हे नाव मिळाले.

त्वचा, आतडे, स्तनातल्या दुग्धनलिका अशा अस्तरांत ई-कॅडहेरिन असते. पेशीबाहेर त्याचे पाच खंड असतात. त्यांच्या सांध्यांत कॅल्शियम बसले की ते ताठ उभे राहते आणि शेजारणीच्या ई-कॅडहेरिनला धरते. आतल्या टोकाला पी१२० आणि बीटा-कॅटेनिन ही प्रथिने असतात. बीटा-कॅटेनिनला अल्फा-कॅटेनिन आणि त्याला पेशीच्या आतला अ‍ॅक्टिन तंतूंचा सांगाडा जोडलेला असतो. पी१२० सुटले, तर ई-कॅडहेरिन पेशीच्या आत ओढले जाऊन नष्ट होते.

स्तनाच्या लोब्युलर (ग्रंथिकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या) कर्करोगात ई-कॅडहेरिन बहुधा हरवलेले असते. पेशी गोळा होऊन गाठ करण्याऐवजी एकामागे एक रांगेने तंतुमय ऊतीत शिरतात. म्हणूनच हा आजार हाताला आणि मॅमोग्राफीला चकवतो. तपासणीत सुमारे ४ मायक्रॉन जाडीच्या कापावर ई-कॅडहेरिनला चिकटणारी प्रतिपिंडे लावून ते रंगवतात. नलिकाजन्य कर्करोगात पेशींच्या कडा तपकिरी दिसतात, लोब्युलरमध्ये त्या कोऱ्या राहतात. पण त्याच कापातल्या निरोगी नलिकाही कोऱ्या असतील, तर दोष रंगवण्यात आहे आणि तपासणी पुन्हा करावी लागते. काही लोब्युलर कर्करोगांत निकामी ई-कॅडहेरिनही रंग घेते. अशा वेळी पी१२० पाहतात. ते कडा सोडून पेशीभर पसरलेले दिसले, तर जोड तुटला आहे.

ई-कॅडहेरिनचे जनुक, सीडीएच१, सोळाव्या गुणसूत्रावर असते. त्यातला दोष वारशाने येऊ शकतो, हे न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांच्या अभ्यासातून १९९८ मध्ये कळले. या कुटुंबांत जठराचा कर्करोग तरुणपणीच होत असे. कर्कपेशी वरवर ठीक दिसणाऱ्या अस्तराखाली विखुरतात, त्यामुळे एंडोस्कोपीत त्या सहज निसटतात. असा दोष असलेल्यांना पुष्कळदा आजार दिसण्याआधीच जठर काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो, तो यामुळेच.

मात्र चिकटपणा गेला की कर्करोग पसरला, हे समीकरण अर्धेच खरे आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांतल्या नलिकाजन्य स्तनकर्करोगातून ई-कॅडहेरिन काढले. पेशी आजूबाजूला अधिक घुसल्या, पण मोठ्या संख्येने मेल्याही, आणि दूरच्या अवयवांतल्या गाठी घटल्या. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. या कर्करोगात वाटेवर तगून राहायला तेच प्रथिन लागते.

स्नायूत धरणे ही पहिली पायरी, पुढे पेशी विलीनच होतात. उंदराच्या सी२सी१२ या स्नायूपूर्व पेशींवर हे पाहता येते. साधारण १० टक्के वासराच्या भ्रूणाचे सीरम देऊन त्या वाढवायच्या, तळ ८०-९० टक्के भरला की २ टक्के घोड्याच्या सीरमवर आणायच्या. चार ते सहा दिवसांत अनेक केंद्रके असलेल्या लांब नळ्या दिसतात. पेशी विरळ असतील तर नळ्या नीट होत नाहीत. उलट, रोजच्या साठ्यात वारंवार दाटी होऊ दिली, तर विलीन व्हायला तयार पेशी विभाजन थांबवून गळतात आणि पुढच्या पिढ्या आळशी निघतात.

दाटी लागते कारण इथे स्पर्श हाच संदेश असतो. शेजारणींची एन-कॅडहेरिन (कॅडहेरिनचाच एक प्रकार) जुळली की सीडीओ हे प्रथिन पी३८ किनेज या विकराला जागे करते आणि मायोडी हे नियंत्रक प्रथिन स्नायूची जनुके चालू करते. पेशींची पटले एक करण्याचे काम मायोमेकर (शोध २०१३) आणि मायोमर्जर (२०१७) या प्रथिनांचे. एम-कॅडहेरिन हा स्नायूतला आणखी एक प्रकार मात्र उंदरातून काढून टाकले तरी स्नायू जवळपास नेहमीसारखे घडतात. जोडीदार कॅडहेरिन ती जागा भरून काढत असावीत.

सीडीओ सापडले तेच मुळी कर्कजनुके त्याला दडपतात म्हणून. मुलांमधल्या रॅब्डोमायोसार्कोमात (स्नायूसारख्या पेशींच्या कर्करोगात) पेशींकडे मायोडी असते, तरी त्या विभागतच राहतात, नीट विलीन होत नाहीत. निदानासाठी मायोडी आणि मायोजेनिन हे त्याच्यासारखेच दुसरे स्नायू-प्रथिन रंगवतात. रंग केंद्रकातच दिसायला हवा, पेशीद्रवातला धरत नाहीत.