धामणीला आधी ऊब, मग पाणी, खाणं सगळ्यात शेवटी

द्राक्षबागेच्या किंवा मासेमारीच्या जाळ्यात अडकलेली धामण सोडवली की भोवती जमलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हिला खायला काय द्यायचं? कुणी अंडं सुचवतं, कुणी दूध. त्यामागची माया खरी असते, पण त्या दिवशी तिला काहीच खायला न देणं हाच उपचाराचा भाग आहे.

आपण जे खातो त्यातला बराचसा भाग अंग ऊबदार ठेवण्यात खर्च होतो. साप ही ऊब ऊन आणि तापलेल्या दगडांकडून घेतो, त्यामुळे त्याला अन्न फार कमी लागतं. धडधाकट मोठी धामण काही आठवडे सहज उपाशी राहते. तिला जड जातं ते पचवणं. ब्रह्मदेशी अजगरावरचे प्रयोग याबाबतीत थक्क करणारे आहेत. उपाशी असताना त्याचं जठर आम्ल बनवणं जवळपास थांबवतं आणि आतडी आक्रसतात. भक्ष्य गिळलं की हे सगळं नव्याने सुरू होतं. 2005 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनानुसार दोन दिवसांत त्याच्या हृदयाच्या जवनिकेचं, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचं, वजन सुमारे 40 टक्क्यांनी वाढतं. धामण अजगरापेक्षा वरचेवर खाते, त्यामुळे तिच्यात इतकी टोकाची उलथापालथ होत नाही. पण गारठलेल्या, घाबरलेल्या, जखमी सापाला पचनाचं ओझं पेलत नाही, हे तिलाही लागू आहे. अशा वेळी गिळलेलं अन्न पोटात कुजतं किंवा उलटून पडतं.

आधी जखम. नायलॉनचा धागा खवल्यांखाली रुतलेला असतो आणि धामणीने सुटायची धडपड केली की तो आणखी आत जातो. बोथट टोकाच्या कात्रीने एकेक धागा कापत जावं लागतं. ओढला तर कातडी सोलवटते. जखमेवर हळद, फिनाईल, रॉकेल काही लावू नये, ते काम पशुवैद्याचं. तोवर सुती पिशवी किंवा भोकं पाडलेला झाकणाचा डबा, तळाला वर्तमानपत्र, आत अंधार आणि आसपास शांतता. डब्याचं एक टोक तीस अंशांच्या आसपास ऊबदार ठेवावं, दुसरं थंड. कुठे बसायचं ते तिचं ती ठरवते. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून फोटो काढणाऱ्यांना मात्र कठोरपणे लांब ठेवावं.

मग पाणी. अंगावरची कातडी सुरकुतलेली दिसली तर शरीरातलं पाणी कमी झालंय असं समजावं. उथळ, सहज न कलंडणारं भांडं ठेवलं की धामण ओठांची कड पाण्यात टेकवून स्थिर राहते. जीभ आत असते, फक्त जबड्यामागचा गळा हलके हलके हलताना दिसतो. दूध सापाचा आहार नाही आणि ते त्याला पचत नाही. नागपंचमीला ते पिताना दिसतो तो बहुधा तहानेने कासावीस केलेला नाग असतो. तोंड उघडून दूध ओतणं तर जिवावर बेततं. सापाच्या श्वासनलिकेचं तोंड खालच्या जबड्यात अगदी पुढे असतं आणि बहुतेक सापांचं उजवं फुफ्फुसच काय ते कामाचं असतं. त्यात दूध गेलं की न्यूमोनिया होतो.

उपचार लांबले तरच खाण्याचा विचार, तोही पशुवैद्याच्या सांगण्यावरून. सुरुवात लहानशा, मेलेल्या उंदराने करावी. जिवंत उंदीर डब्यात सोडला तर तो सापालाच कुरतडू शकतो. खाल्ल्यावर दोन-तीन दिवस तिला हात लावू नये. डोळे दुधाळ निळसर झाले असतील तर कात टाकायची वेळ आली आहे. तेव्हा साप खात नाही आणि तो आजारी नसतो.

हे सगळं अनुभवी सर्पमित्र आणि पशुवैद्यांच्या हातून व्हावं. धामण बिनविषारी असली तरी घाईत नागाला धामण समजणारे कमी नाहीत. शिवाय 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार साप घरी ठेवता येत नाही. महाराष्ट्रात वनविभागाला 1926 या क्रमांकावर कळवता येतं.

बरी झाली की तिला सापडली त्याच परिसरात सोडावं. तिथली बिळं, पाणवठे, उंदरांच्या वाटा तिच्या माहितीच्या असतात. धामण दिवसा फिरणारी, म्हणून तिला सकाळी सोडावं, म्हणजे ऊन खाऊन अंग तापवायला दिवसभर मिळतो. मण्यार निशाचर, तिला सोडायचं ते दिवस मावळल्यावर.