घरगुती लेथची निगा व दुरुस्ती

घरातली एखादी खोली, गॅरेज किंवा मागची शेड अशा जागी छंदासाठी वा किरकोळ कामासाठी बसवलेला लहान लेथ (धातूचा तुकडा फिरवत ठेवून त्याला कापून आकार देणारे यंत्र) अचूक राहावा म्हणून करायची साफसफाई, तेलपाणी, जुळणी व झिजलेल्या भागांची दुरुस्ती, आणि त्यावर लागणाऱ्या टूलांना (कापणाऱ्या हत्यारांना) धार लावणे, एवढा या नोंदीचा विषय आहे. कारखान्यात लेथ चालवणारा टर्नर वेगळा आणि तो दुरुस्त करणारा फिटर वेगळा असतो. घरी दोन्ही एकच माणूस. त्यामुळे बिघाड नेमका कुठे आहे हे शोधणेही त्याच्याच वाट्याला येते, आणि घोटाळा बहुधा तिथेच होतो. जॉब (कापायचा तुकडा) निमुळता आला, पृष्ठभागावर लाटा उठल्या, की ‘मशीन झिजलंय’ असा निकाल देऊन माणूस दिसेल तो स्क्रू आवळत सुटतो. प्रत्यक्षात यातल्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी मळलेला चक (जॉब धरणारा जबड्यांचा भाग), बोथट किंवा चुकीच्या उंचीवर बसलेले टूल, सैल गिब (सरकत्या भागांतला ढिलेपणा काढणारी पट्टी) नाहीतर पिळलेला बेड (लेथचा लांब पाया) असतो. झीज सगळ्यात शेवटी तपासावी.

प्रचलित लेथ : इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन येथील मायफोर्ड कंपनीचा एमएल-७ हा लेथ १९४६ साली बाजारात आला. बेडपासून सेंटरची (जॉबला टोकाशी आधार देणाऱ्या टोकदार खुंटीची) उंची साडेतीन इंच आणि दोन सेंटरांमधले अंतर २० इंच, एवढ्या आटोपशीर आकाराचा हा लेथ तिकडच्या छंदी कारागिरांच्या दोन-तीन पिढ्यांनी वापरला. मूळ कंपनी २०११ मध्ये बंद पडली, तरी हे लेथ अजून फिरत आहेत. अमेरिकेत साउथ बेंड (स्थापना १९०६) आणि कॅलामाझू येथील अॅटलस यांचे लेथ घरोघरी गेले. अलीकडे त्यांची जागा चिनी ‘मिनी लेथ’ने घेतली आहे. भारतात हरिहर येथील म्हैसूर किर्लोस्कर (१९४१) आणि बंगळूरची एचएमटी (१९५३) यांची यंत्रे मुख्यतः कारखान्यांत गेली. लहान धंदेवाल्याच्या शेडमध्ये दिसतो तो बहुधा राजकोटचा किंवा पंजाबातल्या बटाल्याचा बेल्टवाला लेथ. आपल्याकडे त्याची ओळख बेडच्या लांबीवरून सांगतात, म्हणजे ‘साडेचार फुटी’, ‘सहा फुटी’. त्यावर जास्तीत जास्त किती व्यासाचा जॉब फिरेल, हे मात्र या मापावरून कळत नाही.

बसवणी : बेड बिडाचा आणि चांगला जाडजूड असतो, त्यामुळे तो हलणार नाही असे वाटते. पण बोल्ट आवळताना एका पायाखाली कागदाएवढी फट राहिली, तरी बेडला पीळ बसतो आणि लेथ निमुळते कापू लागतो. सुताराची लेव्हल इथे कामाची नाही. मीटरला ०.०२ मिमी फरक दाखवणारी लेव्हल लागते. ती नसली तरी अडत नाही. साधारण २५ मिमी व्यासाची सळई चकात धरून १५० मिमी बाहेर ठेवावी आणि टेलस्टॉकचा (बेडच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या टेकूचा) आधार देऊ नये. मधला भाग थोडा उतरवून दोन्ही टोकांना एकेक कॉलर (जाड कडे) राखावी. मग टूल न हलवता, अगदी बारीक कापाने दोन्ही कॉलरवरून एकदाच फिरवून मायक्रोमीटर लावावा. बाहेरची कॉलर जाड आली तर त्या टोकाला टूल कारागिराच्या बाजूला झुकले आहे असे समजावे, आणि टेलस्टॉककडच्या पुढच्या पायाखाली पातळ पत्रा सरकवावा. ती बारीक आली तर मागच्या पायाखाली. शीतपेयाच्या अॅल्युमिनियम डब्याचा पत्रा सुमारे ०.१ मिमी जाड असतो, तो या कामाला छान चालतो. लेथ पाणसळीत असायलाच हवा असे नाही. बोटीवरही लेथ चालतात, आणि तिथे पातळी म्हणजे काय हा प्रश्नच आहे. बेडला पीळ नसावा, इतकेच. लाकडी टेबल पावसाळ्यात फुगते, त्यामुळे ज्यांचा लेथ लाकडावर आहे त्यांना ही चाचणी पावसाळ्यानंतर पुन्हा घ्यावी लागते.

तेलपाणी : बेडवर ग्रीस फासणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. ग्रीसमध्ये चिप (कापून निघालेला धातूचा चुरा) आणि बिडाची भुकटी अडकते, आणि मग सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) पुढेमागे केले की पॉलिश पेपर घासावा तसा बेड घासला जातो. सरकत्या भागांना आयएसओ ६८ दर्जाचे (हा आकडा तेलाच्या दाटपणाचा), मुद्दाम चिकट केलेले स्लाइडवे ऑइल लागते. शिलाई मशीनचे तेल पातळ, ते बेडवरून चटकन पुसले जाते. उलट मायफोर्डसारख्या साध्या बेअरिंगच्या स्पिंडलला (चक फिरवणाऱ्या दांड्याला) पातळ, आयएसओ ३२ च्या आसपासचे तेलच हवे. जाड तेल घातले तर बेअरिंग तापते. एकच बुधली सगळीकडे फिरवण्याची सवय म्हणूनच नडते. जुन्या लेथमध्ये तेलाची भोके रंगाने किंवा वाळलेल्या ग्रीसने बुजलेली असतात. वर्षानुवर्षे तेल वरच्या वर ओघळून जाते आणि मालकाला वाटते आपण तेल देतो आहोत.

सॅडलच्या टोकांना असलेल्या नमद्याच्या पट्ट्या अधूनमधून काढून रॉकेलमध्ये धुवाव्यात, सुकवून तेलात भिजवाव्यात आणि मग लावाव्यात. चिप ब्रशने काढावी. कॉम्प्रेसरची हवा मारली की ती थेट पट्टीखाली जाऊन बसते. जॉबवर एमरी पेपर चालवताना बेडवर वर्तमानपत्र अंथरायचे आणि काम झाले की ते धुळीसकट उचलून टाकायचे. एवढे केले तरी बेडचे आयुष्य वाढते.

गंज : कोकणात व गोव्यात, आणि पावसाळ्यात जवळजवळ सगळ्या महाराष्ट्रात, लेथचा खरा शत्रू गंजच. बिडाचा मोठा गठ्ठा रात्रभर थंड होतो आणि सकाळी दमट, उबदार हवा आत आली की त्यावर दव धरते. प्लास्टिकचे आवरण हा दमटपणा आतच कोंडते. त्यापेक्षा जुनी सुती चादर आणि खाली कपाटात पेटता ठेवलेला लहानसा जुन्या पद्धतीचा बल्ब हा उपाय बरा. एलईडी दिव्याची ऊब पुरत नाही. शेड उबदार करायला गॅसची शेगडी लावली तर उलटच होते, कारण गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. घामेजल्या बोटांचे ठसे दुसऱ्या दिवशी तांबडे होऊन उमटतात. पाण्यात मिसळायचे कूलंट वापरत असाल तर काम संपताच चिपच्या ढिगाखालची जागा पुसावी, नाहीतर तिथे डाग पडलाच.

सुटे गंजलेले भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, बॅटरी चार्जर लावून साफ करता येतात. गंजलेला भाग ऋण टोकाला आणि टाकाऊ लोखंडाचा तुकडा धन टोकाला लावावा. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. हे काम उघड्यावर करावे, कारण हायड्रोजन वायू सुटतो.

चक : तीन जबड्यांच्या चकात जॉब ‘बाहेर फिरतो’ म्हणून स्पिंडलला दोष देण्याआधी चक उघडून पाहावा. आत सर्पिल खाचेची चकती असते. तिच्या खाचांत पितळेची चिप, वाळलेले तेल, कधी कधी मागच्या मालकाच्या काळातला बुरादाही ठासून भरलेला सापडतो. जबड्यांवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात आणि जबडे त्याच क्रमाने आपापल्या खाचेत जावे लागतात. पहिला जबडा खाचेच्या टोकाला धरला की चावी फिरवत दुसरा, मग तिसरा. क्रम चुकला तर तिन्ही मध्यावर मिळत नाहीत आणि चक खराब झाल्याचा भास होतो. जोडताना तेलाचा हलका हात पुरे. चांगल्या तीन जबडी चकातही पाच-सात शतांश मिमी फेक (मध्यापासून ढळणे) असतेच. त्याहून नेमके हवे असेल तर चार जबडी चक आणि डायल इंडिकेटर (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारे मापक) घ्यावा.

आट्यांच्या स्पिंडलवर चक अडकून बसला की बॅक गिअर (स्पिंडल सावकाश फिरवण्यासाठीचे गिअर) गुंतवून स्पिंडल अडवायचा आणि चकाला हिसका द्यायचा, हा मोह होतो. मायफोर्डसारख्या लेथवर अनेकांनी गिअरचे दात असेच तोडून घेतले आहेत. जबड्यात षट्कोनी सळई घट्ट धरावी, तिला पाना लावावा, बेल्टने स्पिंडल धरून ठेवावा आणि पान्याच्या दांड्यावर हातोडीचा एकच तडकाफडकी ठोका द्यावा. सावकाश जोर लावून जे सुटत नाही ते ठोक्याने सुटते. बेडवर आधी फळी ठेवावी. चक निसटून पडला तर बेडला कायमचा घाव बसतो.

चावी चकात विसरून मोटर चालू करणे हा लेथवरचा सगळ्यात जुना अपघात. चावी हातातून सुटली की ती एका ठरावीक जागीच टांगायची, दुसरा उपाय नाही. फिरत्या जॉबजवळ हातमोजे आणि लोंबती बाही नको.

गिब व बॅकलॅश : लेथवर बहुतेक कामे लहान असतात, म्हणून बेड चकाजवळच सर्वांत जास्त झिजतो. परिणामी गिब तिथे नीट जुळवली तर टेलस्टॉककडे सॅडल जाम होते, आणि तिकडे मोकळी ठेवली तर चकाजवळ डुलते. ही चाचणी करून झीज किती आहे याचा अंदाज येतो. गिबचे स्क्रू मधल्यापासून सुरू करून थोडे थोडे आवळावेत, चाळा (ढिलेपणा) जावा आणि हँडल मात्र एका हाताने सहज फिरावे. आवळण्याआधी गिब बाहेर काढून धुतली पाहिजे. आतल्या चिखलावरच स्क्रू आवळला तर जुळणी दोन दिवसही टिकत नाही.

क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवे जॉबकडे नेणाऱ्या भागाच्या) हँडलमध्ये उलटसुलट फिरवताना जाणवणारी मोकळी फेरी, म्हणजे बॅकलॅश, याची नवशिक्यांना उगाच धास्ती असते. टूल नेहमी एकाच दिशेने पुढे नेले, आणि मागे घ्यायचे झाल्यास अर्धी फेरी जास्त मागे घेऊन पुन्हा पुढे आणले, तर मापात चूक येत नाही. फेरी फारच वाढली तर स्क्रूऐवजी आधी नट पाहावा. तो मुद्दाम गनमेटलसारख्या मऊ धातूचा केलेला असतो, कारण झिजायचे ते त्यानेच.

टूल : टूलचे टोक जॉबच्या मध्याच्या उंचीवर हवे. ते तपासायला टूल आणि गोल जॉब यांच्यामध्ये स्टीलची सहा इंची पट्टी हलकेच दाबून धरतात. पट्टी उभी राहिली तर उंची बरोबर. तिचे वरचे टोक आपल्याकडे झुकले तर टूल खाली आहे, पलीकडे झुकले तर वर. जॉबचे तोंड (टोकाची सपाट बाजू) कापताना मध्यभागी बोंडूक राहिले तर तेही उंची चुकल्याचेच लक्षण.

हाय स्पीड स्टील अमेरिकेत टेलर व व्हाइट यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर विकसित केले. ते सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत कठीणपणा सोडत नाही, म्हणून ग्राइंडरवर रंग बदलला तरी टूल वाया जात नाही. साध्या कार्बन स्टीलचे टूल मात्र निळे पडले की संपले, धार मऊ होते. ब्रेझ केलेली (डाखून बसवलेली) कार्बाइड टीप साध्या करड्या चाकावर उतरत नाही, तिला हिरवे सिलिकॉन कार्बाइडचे चाक लागते. तापलेली टीप पाण्यात बुडवली तर तडकते. ग्राइंडरवरून आलेली धार ऑइल स्टोनवर पाच-दहा वेळा ओढली तर फिनिशमध्ये फरक डोळ्यांना दिसतो. ग्राइंडर लेथच्या शेजारी ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको, पण जागेअभावी बहुतेक घरी तो तिथेच असतो. निदान मध्ये पडदा तरी हवा. चाकावर अॅल्युमिनियम घासले की त्याची छिद्रे बुजतात. चाक आणि टेकू यांच्यात ३ मिमीहून जास्त फट राहिली तर टूल आत ओढले जाते.

हेडस्टॉक (स्पिंडल धरणारा भाग) व मोटर : चकात जाड सळई धरून तिला वरखाली जोर द्यावा आणि चकावर नव्हे, तर स्पिंडलच्या नाकावर डायल लावून काटा किती हलतो ते पाहावे. दोन-तीन शतांश मिमीपर्यंत काटा हलला तर साधारणपणे हरकत नाही. एमएल-७ च्या व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातू) बेअरिंगमध्ये पदरी शिम (पातळ पत्र्यांची पट्टी) असते. तिचा एकेक पदर सोलून चाळा कमी करतात. काढलेला पदर परत चिकटत नाही, तेव्हा घाई नको.

सिंगल फेज मोटर नुसती गुणगुणते आणि हाताने फेरी दिली की धावते, असे झाले तर सुरुवातीचा कॅपॅसिटर किंवा आतला सेंट्रिफ्युगल स्विच गेलेला असतो. मोटर जळाली म्हणून रिवाइंडिंगला टाकण्याआधी हे पाहावे. कॅपॅसिटर प्लग काढल्यानंतरही भारलेला राहू शकतो, म्हणून त्याला हात लावण्यापूर्वी रोधक जोडून तो रिता करतात. मिनी लेथमधले प्लास्टिकचे गिअर तुटतात म्हणून त्यांना नावे ठेवली जातात. पण टूल रुतून बसले तर आधी तो स्वस्त गिअर तुटतो आणि पुढचे महाग भाग वाचतात.

मोठी दुरुस्ती : बेड खरोखरच झिजला असेल तर तो ग्राइंड करून घेणे किंवा हाताने स्क्रेप करणे, असे दोन मार्ग उरतात. स्क्रेपिंगमध्ये सपाट प्रमाण-पृष्ठाला प्रशियन ब्लूचा पातळ थर लावून तो भागावर घासतात. निळे उमटले तो उंचवटा, तो स्क्रेपरने खरवडायचा. असे शेकडो वेळा. प्रमाण-पृष्ठ तयार करण्याची तीन पाटांची रीत जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४० साली ग्लासगोला मांडली. दोनच पाट एकमेकांवर घासले तर एक खोलगट आणि दुसरा फुगीर होऊनही ते नीट बसतात. तिसरा आला की हा लबाडपणा चालत नाही. घरी क्रॉस स्लाइड किंवा गिब स्क्रेप करणे जमण्यासारखे आहे. सबंध बेडच्या वाटेला जाणाऱ्याने मात्र महिन्यांचा हिशेब धरावा, आणि नवा लेथ का घेऊ नये याचे उत्तर आधी घरच्यांना द्यावे.

जुना लेथ घेताना : पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा बंद पडलेल्या एखाद्या शेडमध्ये लेथ सापडला तर रंगाकडे पाहू नये. सॅडल चकाजवळ डुलवून पाहावे, हाफ नट (दुभंगणारा नट) गुंतवून तो लीड स्क्रूवर (आटे पाडताना सॅडल ओढणाऱ्या लांब स्क्रूवर) घट्ट बसतो का ते तपासावे, आणि सर्व गिअर दातन्‌दात मोजावेत. इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे नेमके पाडायला १२७ दात्यांचा गिअर लागतो, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिमी, आणि २५.४ ला पाचाने गुणले की १२७ येतात. ती मूळ संख्या असल्याने लहान गिअर जोडून तेच गुणोत्तर मिळवता येत नाही. हा गिअर आकाराने मोठा, एरवी फारसा न लागणारा, त्यामुळे लेथ विकताना पेटीतून नेमका तोच गायब असतो.