डेटाबेसमधून पुन्हा फाइलींकडे

मजकूर फाइलींपासून संकेतस्थळ बनवणारं जेकिल हे साधन वापरून ब्लॉग लिहिणाऱ्याच्या संगणकावर अख्खा ब्लॉग म्हणजे एक साधा फोल्डर असतो. प्रत्येक लेखाची एक मजकूर फाइल, आणि फाइलच्या नावात आधी वर्ष, महिना, दिवस, मग मथळा. लेख पुरा झाला की एक आज्ञा द्यायची. मग सगळ्या फाइलींची तयार पानं बनतात आणि वाचक येईल तेव्हा सर्व्हर ती जशीच्या तशी हातात ठेवतो.

मुळात वेब असंच होतं. १९९१ साली वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचं सर्न या संशोधन संस्थेतलं पहिलं संकेतस्थळ म्हणजे फाइलीच होत्या. १९९९ मध्ये आलेली ब्लॉगर ही ब्लॉगसेवासुद्धा तयार पानं एफटीपी या फाइली पाठवायच्या पद्धतीने लेखकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर चढवायची. ती सोय २०१० मध्ये बंद झाली. २००१ चं मूव्हेबल टाइप हे ब्लॉगचं सॉफ्टवेअरही पानं आधीच बनवून ठेवायचं. मात्र लेख शेकड्यांत गेले की साच्यातल्या एका बदलासाठी सगळी पानं नव्याने बनवावी लागत, आणि लेखक ताटकळत बसे.

२००३ मध्ये वर्डप्रेस आलं आणि ही वाट पाहणं संपलं. लेख डेटाबेसमध्ये राहायचा आणि पान वाचक आल्यावर सर्व्हरवरचा पीएचपी भाषेतला प्रोग्रॅम जुळवायचा. पुढच्याच वर्षी मूव्हेबल टाइपने परवान्याच्या अटी बदलल्या, तेव्हा नाराज झालेले बरेच जण इकडे वळले. सोय झाली, पण लिहिलेलं मात्र आपल्या फोल्डरमधून उठून डेटाबेसच्या तक्त्यांत गेलं. हे मला आजही खटकतं.

परतीची वाट भलत्याच क्षेत्रातून निघाली. लिनक्सच्या गाभ्याचं काम बिटकीपर या, फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीवर चालायचं. २००५ मध्ये तिचा फुकट वापर थांबला आणि लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये तशीच नोंद ठेवणारं गिट लिहायला घेतलं. त्याआधी, २००४ मध्ये, जॉन ग्रुबर यांनी मार्कडाउन आणलं होतं, त्यामुळे साध्या मजकुरात मथळे आणि दुवे देणं सोपं झालं होतं. गिटमधल्या फाइली ठेवून घेणाऱ्या गिटहब या संकेतस्थळाचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २००८ मध्ये या दोन्हींची सांगड घालून जेकिल लिहिलं. त्याच वर्षअखेरीस गिटहब पेजेस आलं आणि फाइली गिटने वर ढकलल्या की संकेतस्थळ आपोआप उभं राहू लागलं. ह्यूगो हे जेकिलसारखंच साधन २०१३ चं. त्याचं मोठं बळ म्हणजे वेग.

या पद्धतीतली माझ्या लेखी सगळ्यात मोलाची गोष्ट वेग नाही, इतिहास आहे. पाच वर्षांपूर्वीच्या लेखात आज एक आकडा सुधारला, तर जुना आकडा, बदलाची तारीख आणि सोबत लिहिलेलं कारण, तिन्ही जपलं जातं.

मराठीत लिहिताना मात्र दोन गोष्टी ठाऊक हव्यात. गिट ओळीगणिक फरक दाखवतं. त्यामुळे अख्खा परिच्छेद एका ओळीत असेल, तर एक वेलांटी बदलली तरी तो पूर्ण परिच्छेद एकदा लाल आणि एकदा हिरवा दिसतो. दर वाक्य नव्या ओळीवर लिहिलं की नेमका बदल सापडतो. पानावर ती वाक्यं सलगच उमटतात. दुसरी गोष्ट फाइलच्या नावाची. नाव देवनागरीत दिलं, तर बदललेल्या फाइलींची यादी दाखवणाऱ्या 'गिट स्टेटस' या आज्ञेत 'म' या एका अक्षराच्या जागी ३४०, २४४, २५६ असे तीन आकडे येतात. गिटमधली कोअर डॉट कोटपाथ (core.quotepath) ही सेटिंग बंद केली की नाव नीट मराठीत दिसतं.