गुलबक्षीचे रंग कालवले जात नाहीत

तांबड्या आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला की गुलाबी फुलं येतात. इथवर ठीक. पण पुढे ‘दुधात कुंकू कालवावं तसे दोन्ही रंग एकजीव झाले, आता पिढ्यान्‌पिढ्या गुलाबीच’ असं जे सांगितलं जातं, ते साफ चूक.

त्या गुलाबी झाडांचा आपसात संकर करून बी पेरा. चार रोपांमागे सरासरी एक तांबडं, दोन गुलाबी, एक पांढरं निघतं. रंग कालवले गेले असते तर हे चोख पांढरं आलं कुठून? दुधातून कुंकू परत काढता येत नाही. जनुकं मात्र शाबूत राहतात: गुलाबी झाडात एक प्रत तांबड्याची, एक पांढऱ्याची. रंग तयार करायला चालू प्रत एकच, म्हणून रंगद्रव्य कमी पडतं आणि फूल फिकं दिसतं. अपूर्ण असते ती प्रभाविता, म्हणजे एका प्रतीची दुसरीला झाकून टाकण्याची ताकद; जनुक नव्हे. वाटाण्यावरच्या प्रयोगांतून मेंडेलने मांडलेले आनुवंशिकतेचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी कार्ल कॉरेन्स यांनी गुलबक्षीवरही काम केलं होतं.

‘इथे मेंडेल चुकला’ हेही खोटंच. वाटाण्यात उंचपणा बुटकेपणाला पूर्ण झाकतो, म्हणून शुद्ध उंच आणि संकरित उंच झाड सारखंच दिसतं. इथे १:२:१ हे प्रमाण नुसत्या डोळ्यांनी मोजता येतं. उलट सोयच!

अंगणात एकाच फुलावर पट्टे-ठिपके दिसले, तर ते प्रकरण वेगळं. ती जागा बदलणाऱ्या जनुकखंडांची करामत.