दिवाळखोरी कोर्टातून आलेला पेशा

व्यावसायिक लेखापाल व्हायचे तर वाट ठरलेली असते. परीक्षा द्यायच्या, कुणाच्या तरी हाताखाली काही वर्षे उमेदवारी करायची आणि मग संस्थेचे सदस्यत्व घ्यायचे. देशागणिक नावे बदलतात, क्रम मागेपुढे होतो, पण सांगाडा तोच राहतो. हा सांगाडा ना सरकारने आखला, ना विद्यापीठांनी. तो हिशेब बघणाऱ्यांनी स्वतःच उभा केला. त्यामागे कामाच्या दर्जाची काळजी होती, तशीच आपला धंदा राखण्याची धडपडही होती.

हिशेबाची विद्या त्याहून कितीतरी जुनी. इटालियन गणिती लुका पाचोलीने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात द्विनोंदी पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन बाजूंना नोंदवण्याची रीत, मांडली. ती त्याने शोधलेली नव्हती. तिथले व्यापारी आधीपासूनच तसे हिशेब ठेवत होते. मात्र त्या विद्येवर पोट भरणारा, सनद मिरवणारा वर्ग तयार व्हायला पुढे तीन शतकांहून जास्त काळ जावा लागला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लंडनमध्ये ‘अकाउंटंट’ अशी पाटी लावणारा माणूस बहुधा उधारी वसूल करणे, लिलाव करणे अशी कामेही करत असे.

बदल घडला स्कॉटलंडमध्ये. एडिंबरोच्या लेखापालांनी संस्था काढली आणि २३ ऑक्टोबर १८५४ रोजी तिला राजसनद मिळाली. ‘चार्टर्ड’, म्हणजे सनदी, हे बिरुद तिथून आले. पाठोपाठ १८५५ मध्ये ग्लासगोच्या आणि १८६७ मध्ये अ‍ॅबर्डीनच्या संस्थेला सनद मिळाली. ही मंडळी तेव्हा कंपन्यांचे ऑडिट करून जगत नव्हती. बुडालेल्या व्यापाऱ्याची मालमत्ता ताब्यात घेऊन धनकोंचे देणे भागवणे, ट्रस्ट आणि अल्पवयीन वारसांच्या इस्टेटी सांभाळणे, अशा कोर्टाशी निगडित कामांवर त्यांचा चरितार्थ चाले. स्कॉटलंडचा दिवाळखोरी कायदा बदलण्याच्या हालचाली त्याच सुमारास सुरू होत्या आणि हे काम हातचे जाईल अशी धास्ती होती. एकत्र येण्याची घाई त्यातून झाली, असे अभ्यासक मानतात आणि ते पटण्यासारखे आहे.

इंग्लंडची गोष्ट फार वेगळी नाही. विल्यम वेल्च डेलॉइट हा पंधराव्या वर्षी लंडनच्या दिवाळखोरी कोर्टात मदतनीस म्हणून लागला आणि १८४५ मध्ये त्याने त्याच कोर्टासमोर स्वतःची कचेरी थाटली. चार वर्षांनी ग्रेट वेस्टर्न रेल्वेने आपले हिशेब तपासायला त्याला बोलावले. रेल्वेत हजारो अनोळखी लोकांचा पैसा अडकलेला होता. तोवर ऑडिटर म्हणजे बहुधा भागधारकांपैकीच कुणीतरी असे. बाहेरच्या जाणत्या माणसाकडे हे काम देण्याची सवय रेल्वेने लावली आणि दिवाळखोरीच्या पलीकडे या पेशाला दुसरा पाय मिळाला.

इंग्लंड-वेल्सच्या संस्थेला १८८० मध्ये सनद मिळाली आणि १८८२ पासून परीक्षा सुरू झाल्या. विषयांत हिशेब आणि ऑडिटच्या जोडीला दिवाळखोरी, भागीदारी आणि व्यापारी कायदा होता. जुन्या पोटापाण्याचा ठसा अभ्यासक्रमावर असा उमटला होता. पाच वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे हाताखालची उमेदवारी, सक्तीची होती, पदवीधराला तीन. आज स्टायपेंड तुटपुंजा म्हणून कुरकुर होते. तेव्हा बहुतेक ठिकाणी उमेदवारच आपल्या वरिष्ठाला ‘प्रीमियम’ मोजत असे आणि नामांकित फर्ममध्ये तो शेकडो पौंडांवर जाई. घरची ऐपत नसलेला हुशार मुलगा परीक्षेपर्यंत पोचतच नसे.

बायकांसाठी तर दारच नव्हते. लंडनमध्ये स्वतःची फर्म चालवणाऱ्या मेरी हॅरिस स्मिथ यांनी १८९१ मध्ये सदस्यत्वासाठी अर्ज केला. त्या स्त्री आहेत म्हणून तो फेटाळला गेला. १९१९ च्या कायद्याने ती आडकाठी दूर केल्यावर १९२० मध्ये त्यांना प्रवेश मिळाला, तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी गाठली होती.

अमेरिकेत सनदेऐवजी राज्याचा परवाना आला. न्यूयॉर्कने १८९६ मध्ये सीपीएचा, म्हणजे ‘सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट’चा, पहिला कायदा केला. उमेदवारीची अट तिथेही कुंपण ठरली. जॉन क्रॉमवेल १९२१ मध्ये पहिले कृष्णवर्णीय सीपीए झाले, पण त्यासाठी त्यांना वॉशिंग्टन सोडून न्यू हॅम्पशायरला जाऊन परीक्षा द्यावी लागली, कारण तिथे अनुभवाची अट नव्हती. कृष्णवर्णीयाला हाताखाली घ्यायला गोऱ्या फर्म तयारच नसतील, तर अनुभव आणायचा कुठून?

कामाची व्याप्ती मात्र घोटाळ्यांनी ठरवली. इंग्लंडमधल्या किंग्स्टन कॉटन मिलच्या व्यवस्थापकाने वर्षानुवर्षे मालसाठा फुगवून दाखवला आणि ऑडिटरांनी त्याच्याच दाखल्यावर भरवसा ठेवला. १८९६ मध्ये कोर्टाने त्यांना निर्दोष ठरवले. ऑडिटर हा राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, हे प्रसिद्ध वचन त्याच निकालातले. पेशाने ते ढालीसारखे वापरले. मग १९३८ मध्ये अमेरिकेतल्या मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचे बिंग फुटले. ताळेबंदात सुमारे एक कोटी डॉलरचा असा कच्चा माल होता, गोदामात तो कधी आलाच नव्हता. ऑडिटर गोदामात गेलेच नव्हते, कारण तेव्हाच्या रिवाजात ते बसतच नव्हते. पुढच्याच वर्षी नियम बदलले. मालाच्या मोजणीला हजर राहायचे आणि येणी खरी आहेत का, हे थेट ग्राहकाला पत्र पाठवून विचारायचे. आज वर्षअखेरीला नवा आर्टिकल हातात यादी घेऊन गोदामात खोकी मोजत उभा असतो, तो त्या प्रकरणामुळे. २००१-०२ मध्ये एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचा हिशेबांचा घोटाळा उघडकीस आल्यावर तर तिचे ऑडिट करणारी आर्थर अँडरसन ही बलाढ्य फर्मच मोडून पडली आणि सार्वजनिक कंपन्यांच्या ऑडिटरांवर अमेरिकेत स्वतंत्र देखरेख मंडळ आले.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ब्रिटनमध्ये १९०० पासून प्रत्येक कंपनीला ऑडिट सक्तीचे झाले, पण ऑडिटर पात्रताधारकच हवा, ही सर्वसाधारण सक्ती १९४०च्या दशकाच्या अखेरीस आली. म्हणजे जवळपास शंभर वर्षे ‘चार्टर्ड’ हे बिरुद लावणाऱ्यांना हे काम केवळ बाजारातल्या नावलौकिकावर मिळत होते. तोवर हा साचा कॅनडा, ऑस्ट्रेलियात रुजला होता. भारताची संस्था १९४९ च्या कायद्याने आली.

वर्गातले शिक्षण किती आणि हाताखालची उमेदवारी किती, हा वाद अजून मिटलेला नाही. अमेरिकेत राज्यांनी हळूहळू १५० क्रेडिट तासांची, म्हणजे पदवीवर साधारण एका वर्षाच्या अभ्यासाची अट घातली होती. विद्यार्थ्यांची संख्या रोडावू लागल्यावर ओहायोने २०२५ च्या जानेवारीत कायदा बदलला. आता तिथे पदवी, परीक्षा आणि दोन वर्षांचा अनुभव एवढ्यावरही परवाना मिळण्याची वाट खुली केली आहे, आणि इतर राज्येही त्या दिशेने वळू लागली आहेत.