मूकपटातली माणसं खरंच तशी पळायची का?

'जुन्या मूकपटात सगळे तुरुतुरु पळतात कारण तेव्हाचा कॅमेराच तसा होता' असं वर्षानुवर्षं फिरतंय, आणि वाटणं साहजिक आहे. पण तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ ते २० फ्रेम (म्हणजे स्थिर चित्रं), आणि बोलपट आल्यावर वेग २४ ठरला, मग जुनी रीळ त्याच वेगाने चालवली की माणसं सव्वा ते दीडपट वेगाने पळणारच ना! हां, मारामारी-पळापळीच्या कॉमेडीत कॅमेरा मुद्दाम हळू फिरवून (फ्रेम कमी, म्हणून पडद्यावर सगळं भरभर) गंमत आणायचे, ती खरी कला, आणि नंतरच्या पिक्चरवाल्यांनी मूकपटांना सलाम म्हणून नेमकी तीच उचलली, त्यामुळे समज अजून पक्का झाला. घरी बघायचं तर असा तुरुतुरु पळणारा मूकपटाचा एखादा व्हिडिओ लावा, स्पीड ०.७५ करा आणि साधं चालणारी माणसं बघा, किती सुंदर अभिनय दिसतो.